एकशे वीस तास

एमए मराठीच्या पहिल्या वर्षातल्या मुलामुलींना आता दुसऱ्या सत्रात कुठेतरी कामाला जावं लागतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार श्रेयांकांची रचना ठरवणारा शासन निर्णय २० एप्रिल २०२३ रोजी निघाला आणि २०२३-२४ पासून मुंबई विद्यापीठाच्या पदव्युत्तर वर्गांना ही रचना लागू झाली. तिच्यात 'ऑन जॉब ट्रेनिंग'ला चार श्रेयांक आहेत. एका श्रेयांकाला तीस तास धरले की होतात एकशे वीस. कॉलेजात या प्रकाराला सगळे ओजेटी म्हणतात. फार्मसी किंवा हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना यात काही नवल नाही, त्यांच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष काम पहिल्यापासून आहे. भाषेच्या विभागांपुढे मात्र हा प्रश्न इतक्या उघडपणे पहिल्यांदाच उभा राहिला. मराठी शिकणाऱ्या मुलीला कामाला पाठवायचं कुठे?

हा प्रश्न घेऊन मी ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना भेटत राहिले. उत्तरं बहुतेक ठिकाणी सारखीच आली: वर्तमानपत्राचं स्थानिक कार्यालय, ग्रंथालय, एखादी शाळा, एखादा प्रकाशक. त्यापुढे यादी सरकत नाही. मग कुणी ओळखीच्या कार्यालयात जाऊन बसतं, फाइली लावतं आणि शेवटी शिक्का मारलेला दाखला घेऊन येतं. तास भरतात, श्रेयांक मिळतात. ती मुलगी मात्र जिथे होती तिथेच राहते.

मला हे फार लागलं, कारण या पट्ट्यात भाषेचं काम नाही असं म्हणायला जागाच नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. ठाण्यातून 'अरुणोदय' हे वर्तमानपत्र १८६६ साली निघालं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. २०१० साली चौऱ्याऐंशीवं साहित्य संमेलन ठाण्यात भरलं, २०१७ साली नव्वदावं डोंबिवलीत. वाचणाऱ्यांची, व्याख्यानांना गर्दी करणाऱ्यांची ही शहरं आहेत. इतक्या वर्षांत इथे भाषेवर प्रेम करणारे खूप तयार झाले, भाषेवर पोट भरणारे मात्र मोजके. ज्यांचं पोट भरलं ते बहुतेक शिक्षक नाही तर पत्रकार. म्हणूनच आजही घरात कुणी मराठी घेतो म्हणालं, की आईवडिलांच्या डोळ्यांपुढे एकच जिना येतो: बीए, एमए, मग बीएड किंवा नेट-सेट.

त्या जिन्याची अवस्था सगळ्यांना ठाऊक आहे. नेट-सेट झालेली, काही तर पीएचडी झालेली माणसं तासिका तत्त्वावर शिकवतात. सकाळी एका कॉलेजात दोन तास, दुपारी लोकलने दुसऱ्या गावच्या कॉलेजात दोन तास, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. या सीएचबीवाल्या, म्हणजे 'क्लॉक अवर बेसिस'वरच्या, शिक्षकांनीच वर्गात उभं राहून मुलांना करिअरबद्दल सांगायचं असतं. त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे आणि त्यांच्यावर जे लादलं गेलंय त्याचा रागही आहे. पण मुलांसाठी हा एकच जिना धरून ठेवणं आता बरोबर नाही.

ठाण्यात या जिन्याच्या बाहेर चालून गेलेला एक माणूस होऊन गेला. अरुण फडके. मुद्रणाच्या व्यवसायातून ते प्रमाणलेखनाकडे आले आणि त्या एका विषयाला त्यांनी आयुष्य दिलं. 'मराठी लेखन-कोश' त्यांनी केला. 'शुद्धलेखन ठेवा खिशात' ही त्यांची छोटी पुस्तिका असंख्य लेखनिकांच्या, बातमीदारांच्या आणि शिक्षकांच्या खणात असते. गावोगावी कार्यशाळा घेत ते फिरले. २०२० च्या मे महिन्यात ते गेले. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ पासून सगळ्यांसाठी छापील आहेत. ते नियम रोजच्या लिहिण्यात कसे वापरायचे, समासात वेलांटी का बदलते, सामान्यरूपात उकार कुठे ऱ्हस्व होतो, हे हाताला धरून शिकवणारा माणूस हवा होता आणि तो एका छापखान्यातून आला. विद्यापीठातून तसे दहा का आले नाहीत, हा प्रश्न मी भेटेल त्या प्राध्यापकाला विचारला. उत्तर साधारण एकाच दिशेचं होतं. व्याकरण हे पेपरापुरतं शिकवलं गेलं आणि मुद्रितशोधन हे हलकं काम मानलं गेलं.

हलकं काम म्हणजे काय, ते एका प्रकाशकाच्या कार्यालयात टेबलाशी बसून पाहिलं. तिथे एमएची एक विद्यार्थिनी ओजेटीला आली होती. प्रकाशकाची जुनी पुस्तकं श्रीलिपी आणि आकृतीसारख्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टंकलेली आहेत आणि त्यांची ई-बुकं काढायची तर मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. जुन्या फॉन्टांमध्ये संगणकाच्या लेखी मराठी अक्षर असं काही नव्हतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते म्हणून ती आधी साठवलेली, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचं उलटं आहे. जुन्या फॉन्टात तो अक्षरानंतर टंकला जायचा, युनिकोडमध्ये त्याचा 'र्' आधी येतो. मजकूर बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमने हा क्रम चुकवला की 'सर्व'चं 'सवर्' होतं, 'विद्यार्थी'ची वेलांटी शब्दाआधी एकटी लटकते आणि 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं. पहिल्या दोन चुका कुणालाही दिसतात. तिसरी पटकन दिसत नाही, आणि एका पुस्तकात ती शेकडो ठिकाणी असते.

त्या मुलीने पहिले काही दिवस एकेक चूक हाताने दुरुस्त केली. मग तिच्या लक्षात आलं की चुका ठरावीक ठिकाणीच येतायत. तिने वहीत तक्ता केला: मूळ जोडाक्षर, बिघडलेलं रूप, बरोबर रूप. त्या तक्त्यावरून डीटीपी करणाऱ्या मुलाने 'शोधा-बदला'च्या आज्ञांची मालिका बनवली. जिथे आपोआप बदल केला तर नवी चूक होईल, ती ठिकाणं तिने हाताने तपासण्यासाठी बाजूला काढली. अकारविल्हे लावणं, जोडाक्षरं फोडून पाहणं, सामान्यरूप ओळखणं हे सगळं तिला वर्गातूनच मिळालेलं होतं. फक्त त्याला किंमत आहे हे तिला तिथे कळलं. प्रकाशकाने पुढच्या पुस्तकासाठी तिला पैसे देऊन बोलावलं. रक्कम मोठी नव्हती. पण एकशे वीस तास असे गेले तर त्यांना अर्थ आहे.

असं काम आणखी कुठे कुठे पडून आहे याचा विचार करू लागलं की यादी लांबत जाते, आणि तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी भाषा विभागांच्या कानावर पोचलेल्याही नसतात. रुग्णालयांचंच घ्या. नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची तर २०१९ च्या नियमांनुसार रुग्णाची संमती त्याला समजेल अशा भाषेत घ्यावी लागते. संमतीपत्रक इंग्रजीतून मराठीत येतं. मग मूळ इंग्रजी न पाहिलेला दुसरा अनुवादक ते मराठीतून परत इंग्रजीत नेतो आणि दोन इंग्रजी मजकूर ताडून पाहतात. कुठे फरक पडला, तिथे मराठी सुधारतात. पैसे दोघांनाही मिळतात. या कामाला वैद्यकाची पदवी लागत नाही. लागते ती मुरबाडहून आलेल्या बाईला काय समजेल याची जाण. काही रुग्णांना औषध असलेली गोळी मिळेल आणि काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली, कुणाला कुठली ते डॉक्टरलाही माहीत नसेल, हे तिला न घाबरवता आणि काहीही न लपवता चार वाक्यांत लिहून पाहा. मी एका वर्गात मुलांना हे लिहायला दिलं. ललित लेखनाच्या स्पर्धेत बक्षिसं मिळवलेल्या मुलांची वाक्यं लांबत गेली. सगळ्यात स्वच्छ चार वाक्यं शहापूरकडून रोज गाडीने येणाऱ्या एका मुलाने लिहिली. त्याच्या डोळ्यांपुढे त्याची आजी होती.

न्यायालयांचंही तसंच. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी करणारी अधिसूचना १९९८ ची आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले आणि पोलिसांपासून वकिलांपर्यंत सगळ्यांची कलमं आणि शब्द बदलले. फिर्याद, जबाब, पंचनामा हे मराठीतच लिहिले जातात. उच्च न्यायालयात प्रकरण गेलं की त्यांचं इंग्रजी करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली निकालांच्या अनुवादासाठी 'सुवास' हे सॉफ्टवेअर आणलं, पण त्याचा मसुदा तपासायला माणूस लागतोच. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश वर्षानुवर्षं कपाटात आहे. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात अनुवाद करून देणाऱ्यांना कधी कामाची वाण पडत नाही. आपल्या मराठीच्या मुलांनी मात्र तो कोश उघडून पाहिलेला नसतो.

आता या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं काम, ज्यावर इथे सर्वांत कमी बोललं जातं. मराठी न येणाऱ्यांना मराठी शिकवणं.

घोडबंदर रस्त्यावरच्या मोठमोठ्या वसाहती, डोंबिवलीजवळचं पलावा, कल्याण पश्चिमेचे नवे टॉवर इथे देशभरातून माणसं राहायला आली आहेत. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. २०२५ मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून काय झालं ते ताजं आहे. एप्रिल आणि जूनमध्ये ती भाषा आणणारे शासन निर्णय निघाले आणि २९ जूनला ते मागे घेतले गेले. मधल्या काळात रस्त्यावर, दुकानांत, लोकलच्या डब्यात मराठी बोला म्हणून वाद झाले. त्या वादांत माझी बाजू मराठीचीच आहे. पण शिकायला तयार असलेल्या माणसाने विचारलं की कुठे शिकू, तर त्याला द्यायला पत्ता हवा. पस्तिशीच्या तेलुगू किंवा बंगाली इंजिनिअरला संध्याकाळी साडेआठला, तीन महिन्यांत बाजारहाट आणि शाळेची पालकसभा निभेल इतकी मराठी शिकवणारा शिक्षक या पट्ट्यात शोधून पाहा, दमछाक होते.

हे शिकवणं वेगळंच आहे. मराठी घरातल्या मुलाला मराठी शिकवताना तो भाषा घेऊनच वर्गात येतो. तेलुगू माणसाला 'ती खुर्ची, तो पलंग, ते कपाट' हा लिंगभेद का, हे नियमाने सांगता येत नाही. तो सवयीने बसवावा लागतो, आणि सवय बसवण्याचं शास्त्र आहे. ते परभाषा शिकवणाऱ्यांकडे असतं. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागातल्या प्राध्यापक विभा सुराणा यांनी हे ओळखलं. जर्मन शिकवताना वापरतात त्या पद्धतीने अमराठी प्रौढांसाठी मराठीचा 'माय मराठी' हा अभ्यासक्रम त्यांच्या पुढाकाराने उभा राहिला आणि राज्य मराठी विकास संस्थेची त्याला साथ मिळाली. त्यात आधी प्रसंग येतो, प्रसंगातून वाक्य येतं, आणि वाक्य तोंडात बसल्यावर व्याकरण. मराठीसाठीचं हे महत्त्वाचं काम जर्मनच्या विभागातून व्हावं याबद्दल मला आनंदच आहे. खंत एवढीच की ठाणे-कल्याणच्या मराठी विभागांतून याची शिक्षक-तुकडी अजून तयार व्हायची आहे. सीबीएसई शाळेत मराठीचा तास घेणारी शिक्षिका मातृभाषेच्या पद्धतीने शिकवते, मुलं कंटाळतात, आणि मग मराठी अवघड असते असं घरी जाऊन सांगतात. यात त्या शिक्षिकेचा दोष नाही. तिला ही पद्धत कुणी शिकवलीच नाही.

जर्मनचा विषय निघालाच आहे तर, डोंबिवली आणि ठाण्यात जर्मन आणि जपानी शिकणाऱ्या मुलांची संख्या डोळ्यांत भरते. ए-वन, बी-टू, एन-फोर ही परीक्षांच्या पातळ्यांची नावं आता घराघरांत कळतात. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्याने भर पडली. मराठीच्या विद्यार्थ्याने या वर्गांकडे परका म्हणून पाहू नये. मराठी पक्की असलेल्याला दुसरी भाषा आली की त्याच्या हातात जोडी येते, आणि अनुवादाचा सगळा व्यवसाय जोड्यांवर चालतो. फक्त मराठी येणारा अनुवादक असू शकत नाही, हे साधं सत्य एमएच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

स्पर्धा परीक्षांबद्दल थोडक्यात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. म्हणजे पर्यायांवर गोल रंगवणारी मुलं आता पानंच्या पानं लिहितील. मराठी लेखन शिकवू शकणाऱ्यांना त्यामुळे मागणी येणार हे उघड आहे. ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था १९८७ पासून अशा मुलांना तयार करते. मराठी विभागांनी तिच्याशी हात मिळवावा.

आणि यंत्र. प्रत्येक वर्गात हा प्रश्न आला आणि प्रत्येक वेळी मुलांच्या चेहऱ्यावर काळजी होती. गूगलच्या अनुवादात मराठी २०१३ साली आली, केंद्र सरकारची 'भाषिणी' ही अनुवादसेवा २०२२ मध्ये, आणि आता तर यंत्र सलग मराठी लिहितं. साधा, रोजचा अनुवाद यंत्राकडे गेलाय आणि तो परत येणार नाही. मुलांना खोटा धीर देऊ नये. यंत्राने केलेला मसुदा तपासून देण्याचं काम वाढतंय, पण त्याचा दर पूर्ण अनुवादापेक्षा कमी असतो आणि चांगलं तपासायला वेळ मात्र तितकाच लागतो. चित्रपट-मालिकांच्या उपशीर्षकांचं तसंच. एका ओळीत साधारण बेचाळीस अक्षरं, एका वेळी दोनच ओळी, आणि पात्र बोलतंय तेवढ्यात वाचून व्हायला हव्यात. यंत्र पूर्ण वाक्य भाषांतरित करून देतं. त्यातलं काय गाळायचं, आगरी बोलणाऱ्या पात्राचा ठसका दोन ओळींत कसा ठेवायचा, हे माणूस ठरवतो. आणि आगरी, वारली, कातकरी या याच जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या बोली यंत्राला येत नाहीत, कारण त्यांचा मजकूरच कुठे नाही. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर बोलींचं सर्वेक्षण केलंय. त्याच्या पुढचं काम, आवाज ध्वनिमुद्रित करणं, लिहून काढणं, अर्थ नोंदवणं, हे दिवा, कोपर, भिवंडीच्या गावांतून कॉलेजला येणारी आगरी मुलं ज्या अधिकाराने करतील त्या अधिकाराने दुसरं कुणी करू शकणार नाही. त्यांच्या बोलीला वर्गात हसलं गेलं नसेल तरच ती पुढे येतील, हेही सांगायला हवं.

या सगळ्यावर एक आक्षेप मी मनापासून ऐकला. साहित्याच्या जाणत्या प्राध्यापकांना भीती वाटते की अशाने मराठीचा विभाग कौशल्यांची शिकवणी होईल आणि ज्ञानेश्वरी, तुकोबा, मर्ढेकर बाजूला पडतील. ही भीती खोटी नाही. 'उपयोजित मराठी'च्या नावाखाली निविदेचे नमुने आणि इतिवृत्ताचे साचे पाठ करून घेतल्याचं मी पाहिलंय. त्यातून ना लेखनिक तयार होतो ना वाचक. पण संमतीपत्रकातली ती चार स्वच्छ वाक्यं कुठून येतात? ज्याने भरपूर आणि उत्तम वाचलंय, ज्याचा कान तयार आहे, त्याच्याच हातून. तेव्हा साहित्याचे तास कमी करू नयेत, आणि वाचून तयार झालेला कान कुठे लावायचा हे सांगणारे तास वाढवावेत. ज्या प्राध्यापकांना ही दोन कामं परस्परविरोधी वाटतात त्यांच्याशी माझं जमत नाही.

मोबदल्याचा मुद्दा टाळता येत नाही. मराठी माणूस नळ दुरुस्त करणाऱ्याला पैसे देताना कां-कूं करत नाही, पण पत्रिकेचा मजकूर तपासून देणाऱ्याला 'जरा नजर टाका ना' म्हणतो. संस्था, मंडळं, प्रकाशक सगळे यात आहेत. केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा आपण पेढे वाटले. त्या भाषेची प्रूफं तपासणाऱ्याला पानामागे काय मिळतं, हे पेढे वाटणाऱ्यांनी एकदा विचारून पाहावं. ओजेटीला आलेल्या मुलीकडून एकशे वीस तास फुकट काम करून घेणंही मला मान्य नाही. थोडं का होईना, विद्यावेतन असलंच पाहिजे. नाहीतर ज्याच्या घरी परवडतं तोच चांगल्या जागी जाईल, आणि दुकानात संध्याकाळची नोकरी करून शिकणारी टिटवाळ्याची मुलगी शिक्का आणायला ओळखीच्या कार्यालयात जाईल.

जागांची वानवाही मनातलीच आहे. एकट्या ठाणे जिल्ह्यात सहा महापालिका आहेत: ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर आणि मिरा-भाईंदर. स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेबद्दल २०२२ साली झालेल्या कायद्यानंतर त्यांचा कारभार मराठीत असणं हे कायद्याचं बंधन आहे. प्रत्येकीची संकेतस्थळं आहेत, करांच्या नोटिसा आहेत, रुग्णालयांतले फलक आहेत, नागरिकांच्या सनदा आहेत. यातलं बरंचसं मराठी वाचताना अडखळायला होतं. ते दुरुस्त करायला दर सत्रात प्रत्येक महापालिकेने मराठीचे दहा विद्यार्थी घ्यावेत, एका अधिकाऱ्याकडे त्यांची जबाबदारी द्यावी आणि महिन्याकाठी मानधन द्यावं. आजवर हे कुणी मागितलेलं नाही, असं मला दोन विभागप्रमुखांनी सांगितलं.

२०२४-२५ मध्ये बीएच्या पहिल्या वर्षाला आलेली मुलं २०२७ च्या पहिल्या सहामाहीत सहाव्या सत्रात असतील. तेव्हा ओजेटीचे चार श्रेयांक पदवीच्या वर्गांनाही असतील, आणि एमएच्या मूठभर मुलांऐवजी प्रत्येक कॉलेजातून वर्गच्या वर्ग जागा शोधत निघतील. त्यांच्यासाठी महापालिकांना, जिल्हा न्यायालयाला, रुग्णालयांना आणि ठाणे-कल्याणच्या जुन्या ग्रंथालयांना पत्रं याच शैक्षणिक वर्षात जायला हवीत. कारण अंदाजपत्रकात मानधनाची तरतूद करायची तर ती मार्चच्या आधी मागावी लागते.